उपरा कोण? : स्थलांतरितांविषयीच्या एका सामूहिक अभ्यासाच्या निमित्ताने

गेल्या शैक्षणिक वर्षात आमच्या महाविद्यालयातील तृतीय वर्ष कला शाखेच्या सात विद्यार्थ्यांनी आणि मी मिळून एक अभ्यास केला. विषय होता, ‘बाहेरून आलेल्या लोकांविषयी वस्तीतील लोकांची भूमिका’. मुंबईच्या लोकलमार्गावर असलेल्या आमच्या शहरातील तीन वस्त्या आम्ही निवडल्या. एक जुनी बौद्ध वस्ती, एक सरमिसळ झोपडपट्टी आणि तिसरी नगरपालिकेच्या सफाई कामगारांची चाळ. अभ्यास लहान होता. त्यातून टक्केवारी काढून कोणाच्या तोंडावर फेकावी अशी त्याची योग्यता नाही आणि आमचा तसा हेतूही नव्हता. परंतु या अभ्यासाने जे प्रश्न आमच्यापुढे उभे केले ते इतिहासाचे आहेत, तसेच चळवळीचेही आहेत. म्हणून त्यांची चर्चा या पानांवर व्हावी असे मला वाटते.

प्रश्नावली तयार करताना पहिलाच वाद झाला तो शब्दावरून. ‘परप्रांतीय’ म्हणावे, ‘स्थलांतरित’ म्हणावे की ‘बाहेरचे’? ‘परप्रांतीय’ हा शब्द वर्तमानपत्राने आणि व्यासपीठाने दिलेला. तो विचारला की उत्तरही व्यासपीठावरचेच येते. ‘स्थलांतरित’ हा पुस्तकी. शेवटी ‘बाहेरचे’ हा शब्द ठेवला आणि बाहेरचे म्हणजे कोण, हे ज्याचे त्याने सांगावे असे ठरवले. हा निर्णय विद्यार्थ्यांचा होता आणि तो फार उपयोगी पडला. कारण उत्तरांपेक्षा बाहेरच्या माणसाच्या व्याख्याच अधिक बोलक्या निघाल्या.

बौद्ध वस्तीतील एका वृद्ध मावशींनी सांगितले, “भय्ये आले तवापासनं नळावर लाईन वाढली बघा.” विद्यार्थिनीने विचारले, मावशी, तुम्ही कधी आलात? त्या १९७२ च्या दुष्काळात जालन्याकडून आलेल्या. खडी फोडायच्या कामावर पोट भरेना म्हणून नवऱ्यामागे कडेवर पोर घेऊन आल्या. “मग आम्ही भायरचे कशे? आम्ही आपल्याच राज्यातले न्हाई का?” त्याच वस्तीतल्या पुढल्या गल्लीत कोकणातून आलेले एक निवृत्त गिरणी कामगार राहतात. त्यांचे म्हणणे असे की वस्ती चांगली होती, पण ‘घाटी’ आले आणि बिघडली. घाटी म्हणजे कोण? तर घाटावरचे, म्हणजेच या जालन्याच्या मावशी आणि त्यांची सोयरी मंडळी. दोघेही बौद्ध, दोघेही चौदा एप्रिलला एकाच मिरवणुकीत चालणारे. सरमिसळ झोपडपट्टीत जौनपूरच्या एका रिक्षावाल्याने गर्दीचे सारे खापर बिहारी आणि बंगाली मजुरांवर फोडले. आपण वीस वर्षांपूर्वी आलो, आपले शिधापत्रिकेवर नाव आहे, हे त्याने दोनदा सांगितले.

येथे वाचकांना हसू येईल. विद्यार्थ्यांनाही आले. परंतु प्रत्येक जण आपण आल्याची तारीख सांगतो आणि आपल्यापाठोपाठ आलेल्याला बाहेरचा ठरवतो, हा निव्वळ माणसाचा स्वभाव आहे असे म्हणून मोकळे होता येणार नाही. तारीख सांगायला त्याला शासनाने शिकवले आहे. झोपडी पाडायची की तिचे पुनर्वसन करायचे हे पूर्वी १ जानेवारी १९९५ या तारखेवर ठरत होते, पुढे ती तारीख १ जानेवारी २००० झाली. ज्याच्या डोक्यावरचे पत्र्याचे छप्पर एका तारखेवर टिकते किंवा जाते, तो माणूस शेजाऱ्याकडेही तारखेनेच पाहणार. मावशींनी बोलता बोलता पेटीतून जुनी कागदपत्रे काढून दाखवली. आम्ही मागितली नव्हती.

मुंबई हे शहरच आलेल्यांचे आहे. १९२१ च्या जनगणनेत मुंबईच्या दर शंभर रहिवाशांपैकी चौऱ्याऐंशी जण शहराबाहेर जन्मलेले होते. १९६१ मध्येही निम्म्याहून अधिक लोक बाहेरच जन्मलेले. पण ‘आले’ या एका क्रियापदात किती वेगवेगळे लोक कोंबले आहेत, हे नीट पाहिले पाहिजे. कोणी पेढी घेऊन आला, कोणी शिक्षण घेऊन आला, कोणी जमीन पुरेना म्हणून आला. आमचे आजे-पणजे कोणत्या वाटेने आले?

रत्नागिरी आणि कुलाबा या जिल्ह्यांतील महारांना एकोणिसाव्या शतकात लष्कराची एक वाट मिळाली होती. १८९० नंतर इंग्रजांनी तथाकथित लढाऊ जातींचे खूळ डोक्यात घेतले आणि महारांची भरती बंद केली. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर, ज्यांनी १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले, त्यांनी १८९४ मध्ये या अन्यायाविरुद्ध अर्ज तयार केला. दाद लागली नाही. गावात खोत बसलेला होता. जमीन त्याची, वेठ त्याची, आणि न्यायही त्याचाच. खोती नष्ट करण्यासाठी बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, यावरून ती किती जाचक होती याची कल्पना येईल. एकीकडे पलटण बंद, दुसरीकडे खोत. मग उरली बोट. माझे पणजोबा अशाच बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले. आमच्याकडे त्यांना ‘चाकरमानी’ म्हणत. गणपतीला गावी जाणाऱ्या मराठा कुणब्यालाही चाकरमानीच म्हणत. शब्द एकच होता, पण बोटीतून उतरल्यावर दोघांच्या वाटा वेगळ्या होत.

गिरणीत कामगार भरायचे जॉबरने. जॉबर आपल्या गावाची, आपल्या जातीची माणसे आत घेई. विणकाम खात्यात मजुरी चांगली, तेथे अस्पृश्याला प्रवेश नाही. कारण काय? धोट्यातली कांडी बदलताना धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. ज्या धोट्याला महाराचे तोंड लागले त्याला आपले तोंड कसे लावायचे, असा सवर्ण कामगारांचा सवाल होता. म्हणून आमची माणसे रिंग खात्यात किंवा त्याहून हलक्या कामावर. मागावर विणल्या जाणाऱ्या कापडाला विटाळ नव्हता. सूतही आमच्याच हातून कातून येत होते, त्यालाही नव्हता. विटाळ होता तो फक्त जादा पगाराच्या खात्यात. १९२८ च्या सार्वत्रिक संपात बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घालायला लावली. पुढाऱ्यांनी ती नाखुशीने घातली, आणि मालकांनी हात झटकले की हा अन्याय असेलच तर तो आमचा नव्हे. कामगारांचे ऐक्य या शब्दावर आमच्या जुन्या पिढीचा विश्वास का डळमळीत होता, हे ज्यांना समजून घ्यायचे असेल त्यांनी या धाग्यापासून सुरुवात करावी.

म्हणजे रत्नागिरीचा एक माणूस मुंबईत आला की नुसता स्थलांतरित होत असे आणि रत्नागिरीचा दुसरा माणूस आला की स्थलांतरित अस्पृश्य होत असे. जी. आर. प्रधान यांनी १९३८ मध्ये मुंबईतील अस्पृश्य कामगारांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. ते स्वतंत्र लिहावे लागले यातच सर्व आले. आमच्या विद्यार्थ्यांना मी बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ वाचायला दिले होते. अमेरिका आणि इंग्लंडमधून उच्च शिक्षण घेऊन परतलेला माणूस १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू होतो, राहायला जागा मिळत नाही, पारशी नाव घेऊन पारशांच्या विश्रामगृहात राहतो आणि काठ्या घेतलेला जमाव त्याला बाहेर काढतो. ही हकीकत त्या लेखनात आहे. व्हिसा परदेशी जाण्यासाठी लागतो. एका विद्यार्थिनीने टिपणात लिहिले की या लेखनात परदेशांतले दिवस सुखाचे आहेत आणि व्हिसाची वाट मात्र स्वदेशात पाहावी लागते. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मणिभवनात गांधीजींच्या भेटीत बाबासाहेबांनी आपल्याला मायभूमी नाही असे जे ऐकवले, त्याचा अर्थ तिला या हकीकतीतून लागला. मला वर्गात तो इतक्या सोप्या रीतीने सांगता आला नव्हता.

आता ‘भूमिपुत्र’ या कल्पनेकडे वळू. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली. त्याआधी ‘मार्मिक’मधून दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येत होत्या. मराठी तरुणाच्या बेकारीचा प्रश्न खोटा नव्हता. परंतु त्या यादीत कोणत्या जातीचे मराठी नाव कोणत्या खुर्चीवर बसणार, हे कोणी छापले नाही. मराठी माणूस एक, अशी घोषणा झाली. आणि जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बी. डी. डी. चाळींत काय घडले? दलित पँथरच्या सभेवर हल्ला झाला, चाळीचाळींत दिवसेंदिवस दगडांचा मारा झाला, आणि १० जानेवारीला परळच्या मोर्चावर वरून टाकलेल्या पाट्याने भागवत जाधव ठार झाले. मारणारे मराठी, मरणारा मराठी. दोन्ही बाजूंची कुटुंबे कोकणातून, देशावरून त्याच काळात आलेली, त्याच सरकारी चाळींत राहणारी. भूमी एक असली तरी पुत्र कोण हे जातच ठरवते, याचा याहून उघड पुरावा कोणता हवा?

बाबासाहेबांना हा धोका आधीच दिसला होता. १९४८ मध्ये भाषिक प्रांत आयोगापुढे त्यांनी मुंबईसह महाराष्ट्राची बाजू अत्यंत जोरदारपणे मांडली, आणि गुजराती व्यापारी येथे आधी आले म्हणून शहर त्यांचे, हा युक्तिवाद खोडून काढला. कोण आधी आले यावर हक्क ठरत नाही, हे त्यातले सूत्र आपल्या लोकांनी विसरता कामा नये. आणि १९५५ मध्ये भाषिक राज्यांविषयी लिहिताना त्यांनीच सावध केले की भाषिक राज्यात एका मोठ्या जातीच्या हाती सत्ता एकवटते आणि लहान जाती तिच्या दयेवर राहतात. मराठी मुलखाची चार राज्ये करून त्यांपैकी एक मुंबई शहराचे करावे, असे त्यांनी त्यात सुचवले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आमची माणसे आघाडीवर होती. अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड त्याच लढ्यातली, आणि ती गावाकडे बायको सोडून मुंबईला आलेल्या माणसाची आहे. मराठी राज्याचे गाणे एका स्थलांतरिताने रचले, हे भूमिपुत्रांच्या सभांतून फारसे सांगितले जात नाही.

मराठी साहित्यात ‘उपरा’ या शब्दाला १९८० नंतर जे वजन आले ते लक्ष्मण माने यांच्या आत्मकथनामुळे. तो उपरा कोठून आला होता? कोठूनही नाही. तो याच मातीतला कैकाडी होता. हा मुद्दा मी विद्यार्थ्यांपुढे ठेवला, कारण प्रस्थापितांची ‘बाहेरच्या माणसाची’ कल्पना राज्याच्या सीमेवर सुरू होत नाही, ती गावकुसावर सुरू होते. ज्यांची वस्तीच गावाबाहेर होती त्यांनी आज दुसऱ्याला बाहेरचा म्हणताना आपल्या तोंडात कोणाची भाषा आहे हे तपासावे, असे मला वाटते. मात्र हे वस्तीत जाऊन उपदेशाच्या सुरात सांगण्याला माझा विरोध आहे. नळावरची रांग खरी आहे. ज्याच्या घरात चोवीस तास पाणी येते त्याने उदारपणाचा पाठ देऊ नये.

२००८ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत रेल्वेच्या भरतीपरीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मारहाण झाली. तो विषय काढल्यावर बौद्ध वस्तीतल्या तरुणांत सरळ दोन तट पडले. मे २०२० मध्ये करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांचा मालगाडीखाली मृत्यू झाला. त्याविषयी मात्र एकाच तऱ्हेची उत्तरे आली. बायकांनी टाळेबंदीत कोणाला भाकरी दिली, कोणाला चपला दिल्या हे सांगितले. ते मजूर जालन्याच्या पोलाद कारखान्यातून मध्य प्रदेशातील आपल्या गावी पायी निघालेले होते, आदिवासी होते. जालन्याचे नाव निघताच त्या मावशी बराच वेळ गप्प राहिल्या.

तिसऱ्या वस्तीने आमचा अभ्यास निराळ्याच दिशेला नेला. सफाई कामगारांच्या चाळीत गुजरातेतून आणि हरियाणाकडून आलेली कुटुंबे आहेत. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात ‘हलालखोर कर’ हा शब्दच होता. मैला उचलणाऱ्या माणसाच्या जातीवरून कराला नाव पडले. शहराला घाण उचलायला माणसे हवी होती, म्हणून दूरदूरच्या मुलखांतून याच जातीची माणसे आणली गेली. ही माणसे बाहेरची आहेत अशी तक्रार आमच्या एकाही उत्तरात आली नाही! कोणाला त्यांची नोकरी नको आहे. रिक्षा, बांधकाम, भाजीची गाडी येथे आलेला माणूस घुसखोर ठरतो. गटारात उतरलेला माणूस कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

आमच्या गटातील एक विद्यार्थी याच चाळीतला. वाल्मीकी समाजाचा, येथेच जन्मलेला, मराठी माध्यमात शिकलेला. अनुसूचित जातीचा दाखला त्याला महाराष्ट्रात मिळत नाही. त्याची जात हरियाणाच्या यादीत आहे आणि महाराष्ट्राच्याही यादीत आहे. पण १० ऑगस्ट १९५० रोजी, म्हणजे राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला त्या दिवशी, आपले पूर्वज महाराष्ट्रात राहत होते हे त्याने कागदाने सिद्ध केले पाहिजे. घटनेच्या ३४१ व्या कलमात जाती ‘त्या राज्याच्या संबंधात’ अनुसूचित होतात. या शब्दांच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये, मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मागणाऱ्या आंध्रच्या आदिवासी विद्यार्थ्याच्या, मर्री चंद्रशेखर राव यांच्या प्रकरणात निर्णय दिला की राज्य बदलले की सवलत बरोबर येत नाही. १९९४ मध्ये महाराष्ट्रातील दाखल्यांच्याच प्रकरणात तो कायम झाला आणि २०१८ मध्ये बीर सिंह प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. आमचा विद्यार्थी केंद्राच्या नोकरीसाठी मूळ राज्याच्या दाखल्यावर अर्ज करू शकतो. हरियाणात तो अनुसूचित जातीचा आहे. तेथे तो आजवर दोन लग्नांना गेला आहे.

गटात यावर जी चर्चा झाली ती वर्षभरातली सर्वांत कडू चर्चा. दोन बौद्ध विद्यार्थ्यांनी स्पष्ट सांगितले की बाहेरच्या राज्यांतील सर्वांना येथे दाखले दिले तर आमच्या जागा जातील. न्यायालयाचाही एक युक्तिवाद हाच आहे: प्रत्येक राज्यातील अस्पृश्यतेचे स्वरूप वेगळे, आणि येथल्या वंचितांचा वाटा बाहेरून आलेल्याने घेऊ नये. हा युक्तिवाद पोकळ नाही. पहिल्या पिढीचा पदवीधर म्हणून मी राखीव जागेवरच या नोकरीत आलो आहे. एका जागेची किंमत मला कोणी सांगायला नको. तरीही माझे मत त्या दोघांच्या विरुद्ध आहे. जात राज्याची सीमा ओलांडताना गळून पडत नाही; सवलत मात्र गळून पडते. वाल्मीकी बाप हरियाणातून निघून येथे येतो आणि त्याला झाडूच मिळतो, तेव्हा अस्पृश्यतेचे स्वरूप वेगळे झाले असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

शिवाय आपण स्वतः हे भोगले आहे. १९५६ मध्ये आपण धम्म स्वीकारला आणि केंद्राच्या लेखी आपण अनुसूचित जातीचे राहिलो नाही. महाराष्ट्र शासनाने राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या कचेरीत तो माणूस सवलतीला अपात्र. हे १९९० पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे चालले. माझ्या चुलत आजोबांना रेल्वेच्या नोकरीसाठी हिंदू महार असा दाखला काढण्याचा सल्ला घरच्यांनी दिला होता. त्यांनी तो घेतला नाही आणि ते गोदीत हमालीला गेले. धर्म बदलला तरी विटाळ बदलत नाही हे आपण चौतीस वर्षे ओरडून सांगितले. मग राज्य बदलले तरी विटाळ बदलत नाही, हे दुसरा सांगतो तेव्हा आपल्याला ते ऐकू येऊ नये?

आणि जागा खाल्ल्या कोणी? सफाईचे कामच पाहा. कायम नोकरी होती तेथे कंत्राटदार आला. मुंबई महापालिकेच्या २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०१७ मध्ये द्यावा लागला, तोही वर्षानुवर्षे चाललेल्या लढाईनंतर. त्या कामगारांत बहुसंख्य दलित. कंत्राटी जागेला आरक्षण नसते आणि तिच्यासाठी कोणी जातीचा दाखलाही मागत नाही. दाखला न मागताच तेथे नेमकी आमचीच माणसे भरली जातात! महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माझ्या मित्रांची स्थिती याहून फार वेगळी नाही. या मुद्द्यावर ते दोन विद्यार्थी काही अंशी सहमत झाले. जागा वाढवून, वेगळा हिस्सा ठेवून स्थलांतरित दलितांना सामावून घ्यावे, असे एकाने अहवालात नोंदवले. दुसऱ्याने आपली असहमती लिहून दिली. दोन्ही मते अहवालात जशीच्या तशी ठेवली आहेत.

अहवाल विभागात सादर झाल्यावरही काम थांबलेले नाही. त्या विद्यार्थ्याचे खापरपणजोबा स्वातंत्र्यापूर्वीच नगरपालिकेच्या भंगीखात्यात लागले होते, असे चाळीतील सर्वांत वृद्ध बाई सांगतात. ते नगरपालिकेच्याच खोलीत राहत, म्हणजे भाड्याची नोंद कोठेतरी असली पाहिजे. हजेरीपट, पगारपत्रक, भाड्याची पावती, काहीही चालेल. फक्त त्यावरची तारीख १० ऑगस्ट १९५० च्या आधीची हवी. माहितीच्या अधिकारात पहिला अर्ज केला, त्याला जुने दप्तर पुरात भिजले असे उत्तर आले. दुसरा अर्ज अभिलेख कक्षातील दप्तर प्रत्यक्ष पाहू देण्यासाठी केला आहे. तो लिहून काढला अहवालात असहमती नोंदवणाऱ्या त्या विद्यार्थ्याने. त्याचे अक्षर आमच्या सगळ्यांत चांगले आहे. सुनावणी पुढल्या महिन्याच्या अकरा तारखेला आहे.